फाटकावरचा कॅमेरा, भाग 4: खरा चोर केबल

सापडलं एकदाचं! संध्याकाळी सव्वासात वाजले की कॅमेरा रीस्टार्ट, हे रडगाणं तुम्हाला पाठ झालं असेल. नव्यांसाठी: कॅमेऱ्याला 12 व्होल्टच्या अडॅप्टरची वीज नेटवर्क केबलच्याच मोकळ्या तारांतून जायची, पॅसिव्ह इंजेक्टर नावाच्या साध्या जोडणीनं. गेल्या भागात अडॅप्टरला शिव्या घातल्या, त्याआधी क्रिम्पिंगला, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवण्याला. आठ आरजे-45 प्लग उगाच कापून फेकले.

काल स्टूलवर चढून मीटर थेट कॅमेऱ्याच्या टोकाला लावला. उजेडात 10.2 व्होल्ट. अंधारलं, कॅमेऱ्यातल्या फिल्टरचा बारीक ‘टक’ आवाज आला, रात्री दिसण्यासाठीचे आयआर (इन्फ्रारेड) दिवे लागले आणि आकडा 9, 8, 7 असा घसरत कॅमेरा बंद. भार गेला की पुन्हा 12, पुन्हा सुरू.

मग 45 मीटर केबलच्या निळ्या जोडीचं पलीकडचं टोक शॉर्ट करून ओहम मोजले. 12! तांब्याच्या 24 गेज जाडीच्या तारेला साडेसातच्या आसपास हवेत. ब्लेडनं तार खरवडली तर आत चंदेरी. सीसीए, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. नागपुरात सीताबर्डीतला दुकानदार ‘प्युअर कॉपर आहे भाऊ’ म्हणाला होता. बॉक्स हलका लागला तेव्हाच ओळखायला हवं होतं.

प्लगच्या 4-5 नंबरच्या तारांवर प्लस, 7-8 वर मायनस; दोन-दोन तारा मिळून भार वाहतात, म्हणजे जाऊन-येऊन 12 च्या निम्मे, 6 ओहम. एवढ्या रोधातून 12 व्होल्टवर पलीकडे जास्तीत जास्त 6 वॅट पोचतात. कॅमेरा रात्री 7 मागतो. अडॅप्टर 2 अँपिअरचा लावा की 5 चा, सारखंच.

म्हणून नेटवर्क केबलमधूनच 48 व्होल्ट देणारा एएफ (802.3af) स्विच आणि टोकाला त्या 48 चे पुन्हा 12 करणारा ॲक्टिव्ह स्प्लिटर. व्होल्ट जास्त, म्हणून तेवढ्याच वॅटला करंट कमी. त्याच भिकार केबलमध्ये आता एक व्होल्टही पडत नाही. रात्री दोनदा उठून पाहिलं, कॅमेरा सुरूच! शिवाय हा स्विच आधी पलीकडच्या उपकरणात 25 किलोओहम रोधाची खूण चाचपतो, मगच 48 सोडतो; चुकून लॅपटॉप जोडला तरी धोका नाही. पॅसिव्ह इंजेक्टरला एवढी अक्कल नसते, मी तरी पुन्हा घेणार नाही.

म्हटलं होतं, चालतंय तर केबल राहू दे. पण ॲल्युमिनियम क्रिम्पपाशी तुटतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्यालगतचा पाइप हाताला चटका देतो. दर 10 अंशांना रोध 4 टक्के वाढतो. तर बदलतोच. हे लिहिताना सुचलं, जुनी केबलच ओढदोरी करून तांब्याच्या दोन ओढाव्या, दुसरी गच्चीवरच्या कॅमेऱ्यासाठी. फक्त पाऊण इंची पाइपाच्या दुसऱ्या वळणातून दोन्ही सरकतात का, ते रविवारी कळेल.