खांदा आखडला तेव्हा

फ्रोझन शोल्डरचा सगळ्यात मोठा वैताग म्हणजे एक्स-रे नॉर्मल येतो. हाड जागेवर, कुठे काही तुटलेलं नाही. घरच्यांच्या लेखी विषय तिथेच संपतो. ‘नॉर्मल आहे ना? मग जरा चोळून घे,’ असं जो तो सांगत होता. सासूबाईंनी तर महानारायण तेल कोमट करून वाटीत तयारच ठेवलं होतं.

माझा डावा खांदा. सुरुवातीला फक्त रात्री दुखायचा, त्या कुशीवर वळलं की जाग यायची. मग ब्लाउजचा मागचा हूक लागेना. केसांना क्लचर लावायला हात कानाच्या वर जाईना. लोकलमध्ये वरची कडी धरायची ती उजव्याच हाताने, आणि मग पर्स, डब्याची पिशवी, मोबाइल सगळं डाव्या हाताच्या आसऱ्याला. डोंबिवलीहून सकाळच्या गर्दीत कुणाचा धक्का त्या खांद्याला लागला की डोळ्यांत पाणी यायचं. धक्का देणारीला वाटायचं, हिचं काहीतरी भलतंच.

हाडांच्या डॉक्टरांनी कोपर कमरेला चिकटवून ठेवायला आणि हात बाहेरच्या बाजूला वळवायला सांगितलं. उजवा सहज वळला, डावा जेमतेम हलला. मग त्यांनी स्वतः धरून वळवून पाहिला, तरी तिथेच अडला. नुसता स्नायू दुखावला असता, तर मला जमलं नसतं तरी दुसऱ्याने उचलल्यावर हात बऱ्यापैकी गेला असता, असं ते म्हणाले. इथे सांध्याभोवतीचं आवरणच जाड होऊन आकसलं होतं. कुणीही हलवलं तरी हात अडणारच. हे समजल्यावर चोळण्याचा वाद माझ्यापुरता मिटला. तेल मी नंतरही लावून घेतलं, कारण बरं वाटायचं आणि सासूबाईंनाही बरं वाटायचं. पण ते आवरण काही तेलाने सैल होत नाही.

डॉक्टरांचा पुढचा प्रश्न होता, ‘शुगर कधी तपासलीत?’ हे दुखणं साधारण चाळीस ते साठ या वयात जास्त दिसतं, त्यातही बायकांमध्ये, आणि मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर आणखी. थायरॉइड ठीक निघालं. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, त्यात आलं ६.९ टक्के. साडेसहा किंवा त्याच्या पुढे गेलं की मधुमेह धरतात. म्हणजे गेले होते खांदा दाखवायला आणि घरी येताना फाइलमध्ये दुसराच आजार होता. त्याची गोळी, चालणं, भाताचं प्रमाण वगैरे सुरू झालं. ते वेगळं प्रकरण आहे, त्यात शिरत नाही. एवढंच सांगते, की खांदा आखडलेल्या कुणीही साखर तपासल्याशिवाय नुसते शेक घेत बसू नये.

‘किती दिवस लागतील?’ या प्रश्नाला डॉक्टरांनी दिवसांत उत्तर दिलंच नाही. आधी दुखतं आणि हळूहळू आखडत जातं, मग दुखणं उतरतं पण हात अडकलेलाच राहतो, आणि शेवटी तो सुटायला लागतो. सगळं मिळून वर्ष ते तीन वर्षं. नवऱ्याने ‘तीन?’ असं इतक्या मोठ्याने विचारलं, की बाहेर बसलेल्यांनी आत पाहिलं.

पहिल्या टप्प्यातल्या दुखण्यासाठी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. मधुमेहात त्यानंतर काही दिवस साखर वर जाते, हे आधीच सांगितलं होतं, म्हणून ग्लुकोमीटर आणून ठेवला होता. साखर चढली आणि उतरलीही. पण मला झोप लागली. ज्याला महिनोन्‌महिने सलग झोप मिळालेली नाही, त्यालाच हे कळेल.

फिजिओथेरपीत मशीनचं आकर्षण फार. शेक, मग ते करंट देणारं मशीन, गुदगुल्या होतात, पडून राहायचं. बऱ्याच जणी तेवढंच करून घरी जायच्या. आमची फिजिओ, लेकीच्या वयाची पोरगी, दर वेळी विचारायची, ‘काकू, घरी केलं का?’ खरा उपचार तो होता. टेबलावर चांगला हात टेकून वाकायचं, दुखरा हात सैल सोडायचा आणि अंग हलवून तो लंबकासारखा झुलू द्यायचा. भिंतीवर बोटांनी वर वर चढायचं. पाठीमागे टॉवेल धरून वरच्या हाताने खालचा ओढायचा, हा सगळ्यात छळवादी. व्यायामानंतरचं दुखणं थोड्या वेळात उतरलं पाहिजे, रात्रीची झोप मोडली तर आदल्या दिवशी जास्त झालं, असा तिचा नियम. जोर लावून लवकर सुटत नाही, आणि हात गळ्याशी घेऊन बसलं तर अजून घट्ट होतो. कपडे घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी, हेही तिनेच शिकवलं. इतकी साधी गोष्ट, पण माझी रोजची रडारड थांबली.

घरात बदल झाले ते गरजेपोटी. वरच्या फळीवरचे पिठांचे, डाळींचे डबे खाली ओट्यावर आले. ओटा गजबजला, सासूबाई कुरकुरल्या. कुकर उचलणं नवऱ्याकडे गेलं, मग कुकर लावणंही गेलं, मग किती पाणी हे फोन करून विचारणं थांबलं. छताजवळच्या दांड्यांवर काठीने कपडे वाळत घालायचं काम मुलाकडे आलं. पहिले काही दिवस शर्ट एकमेकांवर गोळा होऊन पडलेले असायचे आणि दुपारपर्यंत वास मारायचे. मी उठून नीट करायला जायचे, तर हातच वर जायचा नाही. त्यामुळे तो शिकला. माझा हात चालता असता तर मी त्याला शिकूच दिलं नसतं, हे मला माहीत आहे. कपडे घालून झाले की तीच काठी दोन्ही हातांत आडवी धरून माझा व्यायाम चालायचा.

सुटायला लागलं तेही एकसारखं नाही. वर जाणं आधी आलं, मागे जाणं अजून अपुरं आहे. पुढून हुकाचे ब्लाउज शिवून घेतलेत, ते आता राहू देणार. पुढे काही वर्षांत दुसरा खांदाही धरू शकतो, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, म्हणून अंघोळीनंतर उजवा हात बाहेर वळवून बघते. एचबीए१सी पुढच्या महिन्यात परत आहे.

परवा मी कपाटावरची बॅग दोन्ही हातांनी खाली काढली. सासूबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, ‘गेला की हात वर. आता पोराला कपड्यांतून सोड.’

‘आई, अजून मागे जात नाही पूर्ण,’ मी म्हटलं.

‘कपडे कुठे मागे घालायचेत?’ त्या म्हणाल्या. काठी मात्र मुलाकडेच आहे.