आमची वाटचाल: ताईंचा शनिवार

आमचा छापखाना वडिलांनी सदाशिव पेठेत, एका वाड्याच्या पुढच्या खोलीत सुरू केला. पायाने मारायचं एक ट्रेडल, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, चार केस आणि लग्नपत्रिका, बिलबुकं, गणेश मंडळांच्या पावत्या अशी कामं. पुढे खिळे गेले, डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आली, कर्ज काढून सेकंडहँड ऑफसेट छपाईयंत्र घेतलं. इथवरची गोष्ट पुण्यातला कुठलाही छापखानेवाला सांगेल. आमची वाट वळली ती ताईंमुळे. त्यांना जाऊन आता वर्ष होईल, म्हणून हे लिहायला बसलो.

ताई एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी होत्या. तेव्हा बँका शनिवारी अर्धा दिवस असत. अशाच एका शनिवारी दुपारी त्या दारात आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "काका, पत्रिकांच्या जाड कागदाची कापणी रद्दीत देता ना? मला विकत द्याल?" कशाला हवी, असं विचारल्यावर पर्समधून ब्रेलची पाटी आणि टोचणी काढून त्यांनी काउंटरवर ठेवली. अंध मुलींच्या एका वसतिगृहासाठी त्या क्रमिक पुस्तकांचे धडे हाताने ब्रेलमध्ये उतरवत होत्या. रोज रात्री, जेवणं झाल्यावर, दोन पानं.

पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत जायचं. कागद उलटला की टिंबं वर येतात आणि बोट डावीकडून उजवीकडे वाचतं. सहा टिंबांत सगळी बाराखडी. आपण छापतो ती पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, ब्रेलमध्ये ती अक्षरानंतर येते. हे सगळं त्यांनी त्या दुपारी मला उभ्याउभ्या शिकवलं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. जन्म छपाईत गेला, पण अक्षर हाताला लागतं हे मला त्या दिवशी कळलं.

नंतर त्यांना बढती मिळाली आणि बदली सोलापूरला झाली. ओळखीतल्या कित्येक बायकांनी घरासाठी अशी बढती नाकारलेली मी पाहिली आहे. ताईंनी ती घेतली. काम त्यांना मनापासून आवडायचं आणि शाखा चालवायची त्यांना हौस होती. पाटी सोबत गेली. धड्यांचे गठ्ठे टपालाने येऊ लागले, तेही बिनतिकिटाचे. अंधांसाठीच्या साहित्याला साध्या टपालाने सात किलोपर्यंत तिकीट लागत नाही. खिडकीवरच्या माणसाला हे ठाऊक नसलं तर ताई पर्समधून नियमाचा कागद काढून शांतपणे पुढे सरकवायच्या.

ब्रेल छापणारं संगणकी यंत्र घ्यावं हे माझ्या डोक्यात बसलं, ते त्या पुण्याला परतल्यावर. एका पाक्षिकाची मोठी मदत झाली, म्हणजे धीर यायला. 2008 च्या फेब्रुवारीत स्वागत थोरात यांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं होतं. मराठीत असं नियमित निघू शकतं, हे डोळ्यांसमोर होतं. मी उत्साहात कर्जाचा प्रस्ताव लिहिला आणि ताईंना दाखवला. त्यांनी लाल पेनाने तो अक्षरशः सोलून काढला. "ब्रेलवर तुझा हप्ता फिटणार नाही. बिलबुकांवर फिटेल. ती बंद करायची भाषा काढून टाक." मग म्हणाल्या, "आणि माझ्या शाखेत अर्ज करायचा नाही."

त्याच बैठकीत मी म्हणालो, वसतिगृहाचं काम फुकट करीन. त्या चिडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "मी पगारावर जगते म्हणून मला फुकट करता येतं. तू छपाईवर जगतोस. फुकटचं काम सीझन आला की सगळ्यात आधी मागे पडतं. कमी दर लाव, पण बिल फाड." आम्ही आजही प्रत्येक ब्रेल कामाचं बिल फाडतो. लग्नसराईतही ते काम ठरलेल्या तारखेला जातं, त्याचं कारण हे.

आमची सगळ्यात मोठी चूक पाढ्यांच्या पुस्तकात झाली. दोनशे प्रती बांधून तयार होत्या. ताई शनिवारी आल्या, डोळे मिटून पान चाचपू लागल्या आणि एका ओळीवर थांबल्या. "नऊ त्रिक सव्वीस?" ब्रेलमधल्या सातातलं पाचवं टिंब गेलं की त्याचा सहा होतो. यंत्राची एक पिन दमली होती, ओळीतल्या त्या जागचं टिंब अर्धवटच उठत होतं. आम्ही प्रूफ दिव्याखाली डोळ्यांनी तपासलं होतं. तिरप्या उजेडात टिंब दिसत होतं, बोटाला मात्र लागत नव्हतं. सगळ्या प्रती पुन्हा काढल्या. कागदाचा खर्च आमचा.

पुढच्या शनिवारी ताई वसतिगृहात शिकून बाहेर पडलेल्या एका मुलीला घेऊन आल्या. "हिला नोकरी दे. पगार ठरव, मानधन नको." आज आमच्याकडे तपासणीला दोघी आहेत, आणि त्यांच्या बोटाखालून गेल्याशिवाय एकही पान बांधणीला जात नाही. गठ्ठे आडवे रचायचे नाहीत, उभे ठेवायचे, हा नियमही त्यांचाच. वजनाने टिंबं बसतात.

2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा ब्रेल प्रतींसाठी प्रत्येक वेळी परवानगी मागायची गरज उरली नाही. त्याआधी ताई लेखकांना, प्रकाशकांना पोस्टकार्डं लिहायच्या. आलेली उत्तरं त्यांनी एका बिस्किटाच्या डब्यात जपली होती. तो डबा त्यांच्या मुलाने आम्हाला दिला आहे.

निवृत्तीनंतर त्या एक पुस्तिका लिहीत होत्या, अंध खातेदारांसाठी. चेकवर सही कशी करायची, एटीएम कसं वापरायचं, कुणी चेकबुक नाकारलं तर काय म्हणायचं. असं नाकारता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेने 2008 मध्येच बँकांना कळवलं आहे. त्या परिपत्रकाचा उतारा त्यांनी पहिल्याच पानावर घेतला होता. दवाखान्यातही उशाशी हीच वही होती. लॉकरचं प्रकरण अर्धं राहिलं.

ते त्यांच्या बँकेतल्या एका जुन्या सहकारी बाईंनी पुरं करून दिलं. गेल्या शनिवारी प्रूफ निघालं. चौदाव्या पानावर एक टिंब बसलेलं निघालं. पान पुन्हा काढलं आहे, सोमवारी बांधणीला जाईल.