सर, माझं पाणी मेलं

मागच्या रविवारी लेकीच्या शाळेनं धाराशिवच्या बाहेर माळावर एक दिवसाचं निसर्ग शिबिर ठेवलं होतं, सोबतीला पालक कमी पडत होते म्हणून मीपण गेले, खरं तर पोहे वाटायला. विषय काय, तर पडलेला पाऊस जातो कुठं. मनात म्हणलं, आमच्याकडं तो पडतो कधी ते आधी शिकवा, जातो कुठं ते मग बघू.

पण पडला बाबा! दहाच्या सुमारास जोरात सर आली अन् लेकरं छत्र्या टाकून पळाली. सरांनी एवढंच सांगितलेलं, आपापली एक ओघळ धरायची आणि सोडायची नाही. एकाची ओघळ बाभळीपाशी मुरमात जिरून गेली, तर ते पोरगं रडकुंडीला, ‘सर, माझं पाणी मेलं!’ सर म्हणले मेलं नाही रे, खाली विहिरीकडं निघालंय, दम धर. खालच्या काळ्या रानात मात्र उलटं. उन्हाळ्यात तिथं भेगांत हात जातो, पहिला पाऊस त्या भेगाच पिऊन टाकतात, पण एकदा का माती भिजून फुगली की भेगा मिटतात आणि पुढचं पाणी वरच्यावर वाहून जातं. (आमच्या घरातपण असं एक माणूस आहे, पण ते असो.)

मग सरांनी सांगितलं ते मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. आपण बालाघाटाच्या डोंगरावर राहतो, याच्या एका अंगाचं पाणी तेरणेत, तिथून मांजरेत, मग गोदावरीत, आणि दुसऱ्या अंगाचं सीनेत, भीमेत, कृष्णेत. शेवटी दोघी बंगालच्या उपसागरालाच जातात, पण केवढा फेरा! एका पोरीनं लगेच बाटली दगडावर उपडी केली, ‘अर्धं इकडं, अर्धं तिकडं’. प्यायचं होतं ते, पण रागवावं वाटलं नाही.

जेवताना मी शहाणपणा करून सांगितलं की २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. यातलं एकपण लेकरू तेव्हा जन्मलेलं नव्हतं. एकानं विचारलं, ‘मग लातूरवाल्यांचं पाणी कुठं गेलं होतं?’ मी म्हणलं, लोणचं पाहिजे का रे कुणाला.

संध्याकाळी घरी परत पाऊस, आणि आमच्या स्लॅबचा पाईप नेहमीसारखा धो धो रस्त्यावर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हे सरांनी पाठच करून घेतलेलं, त्यामुळं लेक वही घेऊन बसली. हजार स्क्वेअर फुटाचा स्लॅब म्हणजे ९३ चौरस मीटर, दहा मिलिमीटर पडला तरी ९३० लिटर. मे महिन्यात टँकरवाल्याला मी किती फोन लावले ते तिनं ऐकलेलं होतं, पण ती काही बोलली नाही, उठली आणि बादली पाईपाखाली ठेवून आली. दोन मिनिटांत बाहेरून हाक,

‘मम्मे, दुसरी बादली कुठंय? आणि तिसरी?’