गुडघ्याच्या डब्यात काय निघालं

दुपारी आमच्या लॅबमध्ये डबा आला. आत अडीच वर्षं पायात राहून ऑपरेशननं काढलेला कृत्रिम गुडघा. पेशंट विडी कामगार. गुडघा गरम, रात्रीचा ठणका. सांध्यातल्या पाण्याचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहायची तपासणी, दोनदा निगेटिव्ह, म्हणून दुखणं 'वयाचं' ठरलेलं. पण त्याच पाण्यात पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला 6,800, त्यात 86 टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी. 3,000 आणि 80 टक्के ओलांडल्यावर इन्फेक्शनचा संशय सोडायचा नसतो. जुने फॉर्म काढले, तर दोन्ही वेळी अँटिबायोटिक आदल्या दिवसापर्यंत चालू. पेशंटची तब्येत निभावत असेल तर नमुन्याआधी ते दोन आठवडे बंद हवं, नाहीतर जंतू असूनही उगवत नाहीत.

शिवाय जंतू सांध्यातल्या पाण्यात फारसे नसतातच. घरचं पिंप आठवा. भरून ठेवलेलं पाणी वरून स्वच्छ दिसतं, पण पिंपाच्या आतून बोट फिरवलं की बुळबुळीत थर लागतो. कृत्रिम गुडघ्याच्या धातूवर आणि त्यातल्या प्लास्टिकच्या अस्तरावर जंतू तसाच थर धरतात. तो डोळ्यांना दिसत नाही, स्वॅबने निघत नाही.

म्हणून इम्प्लांटच, म्हणजे तो कृत्रिम गुडघाच, मागवला होता. ऑपरेशन थिएटरमधूनच कडक, झाकणबंद, निर्जंतुक डब्यात. पिशवी नको, ती गळते आणि बाहेरचे जंतू आत शिरतात. डब्यात 400 मिली रिंगर, म्हणजे क्षारांचं निर्जंतुक पाणी, ओतलं. 30 सेकंद व्होर्टेक्स म्हणजे यंत्रावर जोरात घुसळणं, ध्वनिलहरींनी थर सोडवणाऱ्या 40 किलोहर्ट्झच्या सोनिकेटरमध्ये 1 मिनिट, पुन्हा 30 सेकंद व्होर्टेक्स. जास्त वेळ ठेवलं तर थर सुटतो, पण जंतूही मरतात.

ते पाणी ब्लड अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या रक्तमिश्रित थरावर, पसरलं. तिसऱ्या दिवशी त्यावर टाचणीच्या टोकाएवढ्या राखाडी वसाहती दिसल्या. इन्फेक्शन म्हणायला मिलीला 50 वसाहती पुरतात, इथे चारशेच्या आसपास. जंतू कातडीवर एरवीही राहणारा, स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. ऑपरेशनमध्ये सांध्याभोवतून वेगवेगळ्या चिमट्यांनी घेतलेल्या मांसाच्या पाच तुकड्यांपैकी तिनांतही तोच. एकाच तुकड्यात असता तर कातडीवरून आला असेल असंच मी धरलं असतं.

सर्जनना फोन केला. "सर, व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक चालतंय, पण एमआयसीचा आकडा, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारी कमीत कमी मात्रा, तरंगत्या जंतूंचा आहे, थरातल्या नव्हे." ते म्हणाले, "गुडघ्याच्या जागी तात्पुरता बसवलेल्या स्पेसरच्या सिमेंटमध्ये व्हॅन्को आणि जेंटा ही अँटिबायोटिक्स घातलीत. थरातल्या जंतूंसाठीचं रिफाम्पिसिन आजच सुरू करू?" जखम अजून पाझरत होती. जखम कोरडी होईपर्यंत थांबा म्हटलं, आणि नंतरही दुसऱ्या औषधाच्या जोडीनंच द्या. एकटं दिलं तर एका म्यूटेशनवर जंतू त्याला दाद देईनासा होतो.

अगारच्या प्लेटा अजून फेकलेल्या नाहीत. क्यूटिबॅक्टेरियम हा कातडीवरचा दुसरा जंतू सावकाश उगवतो, तोही सोबत असू शकतो. 14 दिवस भरायचेत.