वळण टिकलं, पण नदी आतून पळतेय

पंपाने पाणी सोडून छोटी नदी घडवायची माझी वाळूपेटी आहे, तिच्या खालच्या टप्प्यात अखेर खरंखुरं नागमोडी वळण आलं आणि पंप चालू असताना टिकलंही! वरच्या टप्प्याबद्दल फार लिहीत नाही. तीव्र उतारावरची व्ही आकाराची दरी, उतार मोडतो तिथला गाळाचा पंखा, हे आपोआप जमतं. घोडं अडलं होतं ते सखल भागात.

नुसत्या वाळूचे काठ ढासळतात, पात्र उथळ होऊन पसरतं, मधे बेटं पडतात आणि नदीच्या वेण्या होतात. उतार बदला, पाणी बदला, तेच. काठाला पकड हवी. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या ब्रॉड्रिक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लसूणघासाचे कोंब लावून प्रयोगशाळेत नदी वळवली होती. तीच वाट धरली. बी दाट पेरलं, मुळं धरेपर्यंत पंप बंद. आता पात्र साधारण ४ सेंमी रुंद आणि वळणाची तरंगलांबी, म्हणजे एका वळणापासून तशाच पुढच्या वळणापर्यंतचं अंतर, ४५ सेंमीच्या आसपास. रुंदीच्या १० ते १४ पट हा नदीअभ्यासक लिओपोल्ड-वोल्मन यांचा हिशेब एवढ्याशा पेटीतही लागू पडला, तेव्हा एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

आता नवी डोकेदुखी. बाहेरचा काठ खणला जातो, आतल्या बाजूला वाळूचा दांडा वाढतो, इथवर छान. पण दांडा आणि जुना काठ यांच्यामधे खोलगट पट्टी उरते आणि पाणी जरा चढलं की तिथूनच सरळ धावतं. वळण बाद! खऱ्या नदीत ही पट्टी पाण्यातून तरंगत आलेल्या बारीक गाळाने भरते. माझ्या वाळूत तरंगणारं काहीच नाही. चिकणमाती घातली तर पंपाची जाळी तुंबते. बर्कलीत हलके प्लास्टिकचे कण होते. मी अक्रोडाच्या टरफलाचा चुरा भिजवून सोडतोय. पट्टी निम्मी भरलीय. नालाकृती सरोवरही एक मिळालं, अनपेक्षित बक्षीस.

वाळू घेताना 'अतिबारीक' पिशवीच्या मोहात पडू नका. ०.६ मिमीपेक्षा बारीक कणांच्या तळावर लहरी उठतात आणि आपल्या मापाला त्या राक्षसी ठरतात. माशांच्या टाकीचा पंपही थेट जोडू नका. वर एक ओसंडती टाकी ठेवा, म्हणजे प्रवाह स्थिर राहतो.

पुढे त्रिभुज प्रदेश करायचा होता. पण लिहितानाच सुचलं, पाणी सतत एकसारखं कशाला? थोडा वेळ पूर, मग ओहोटलेलं पाणी, आणि उघड्या पडलेल्या दांड्यावर पुन्हा बी. ताल आणि पाओला या संशोधकांनी २००७ च्या प्रयोगात असंच करून वेण्यांची नदी एका पात्रात आणली होती. तेव्हा त्रिभुज प्रदेश थांबेल, पंपाला आधी टायमर. आणि कोंबांना बुरशी धरतेय, कुणाकडे उपाय असेल तर लगेच सांगा.