आक्षीचे चिखलपक्षी: पहाट सोडा, भरती बघा

पुण्याच्या पक्षीवाल्यांना भिगवणची सवय लागलेली आहे. रात्री तीनला गाडी काढायची आणि उजाडायच्या आत पाण्यावर पोहोचायचं. तिथलं उजनी धरणाचं पाणी दिवसभर एका जागी असतं, त्यामुळे तिथे हे जमतं. समुद्रावर हाच सल्ला देणारे लोक मात्र सरळसरळ फसवतात. बुद्धपौर्णिमेला जोडून आलेल्या सुट्टीत ज्या पॅकेजबरोबर मी चिखलपक्षी, म्हणजे ओहोटीच्या ओल्या गाळात चोचीनं खाणं शोधणारे पक्षी, बघायला अलिबागजवळच्या आक्षीला गेले, त्याच्या आयोजकांनी आम्हाला साडेपाचला सुरूच्या बनात उभं केलं. पौर्णिमेला त्या किनाऱ्यावर पूर्ण ओहोटी सकाळी सहाच्या आसपास असते. पाणी पार आत गेलेलं, मध्ये ओल्या वाळूचं मैदान आणि पलीकडे राखाडी ठिपके. स्कोप, म्हणजे तिपाईवरची दुर्बीण, लावूनही चोच लांब की आखूड एवढंच कळत होतं. पुढे गेलं की थवा उठून आणखी लांब बसायचा.

कोकणात भरतीचा हिशेब तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. माणशी साडेतीन हजार घेणाऱ्याला एवढं माहीत नसावं, याचा मला अजून राग आहे.

माझं स्पष्ट मत: दशमी ते त्रयोदशी यांतला दिवस धरा. भरती साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान भरते, म्हणजे सहाला पोहोचलात की चढतं पाणी पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. किनारा पश्चिमेला, ऊन तुमच्या पाठीशी, पक्ष्यांवर समोरून उजेड. संध्याकाळी उलट: सगळ्या काळ्या सावल्या. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणालाही पक्षी जवळ येतात, पण तेव्हा दहा-अकराच्या उन्हात वाळू तापून हवा थरथरते आणि स्कोपमध्ये पिसं विरघळल्यासारखी दिसतात.

आता त्या गाळाबद्दल. पॅकेजमध्ये "खाडीतली पायवाट" होती. अशी पायवाट नाही. किनाऱ्यामागच्या खाडीत तिवरांच्या कडेनं जरा घट्ट लागतं, कारण तिवरांची वर आलेली मुळं गाळ धरून ठेवतात. झाडं संपली की पोटरीपर्यंत आणि पुढे गुडघ्याच्या वर. जेमतेम दोन-तीनशे मीटरचा तो पट्टा आम्हाला तासभर पुरला. सँडल पहिल्या पाच पावलांत गाळानं ओढून घेतल्या. अनवाणी चालावं तर आत कालवांची टरफलं, ब्लेडसारखी. आमच्यातल्या एकाचा तळवा चांगला दोन इंच चिरला आणि अशा जखमेत खाडीचा गाळ गेला की, गेल्या पाच वर्षांत घेतलं नसेल तर, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावंच लागतं. गमबूट अजिबात नकोत, ते आत भरतात आणि पाय अडकवतात. जुने कॅनव्हासचे बूट, नाडी घोट्याला आवळून, एवढंच चालतं. शिवाय पाणी चढायला लागलं की आधी छोट्या नाळा, म्हणजे गाळातले अरुंद ओहोळ, भरतात आणि परतीची वाट तिथेच तुटते.

निवट्या, म्हणजे गाळातले छोटे मासे, धरायला आलेल्या एका मावशींनी आम्हाला बाहेर काढलं. "ताई, बांध सोडून कशाला उतरलात?" एवढंच त्या म्हणाल्या. खारजमिनीचा बांध शंभर पावलांवर होता, कोरडा, रुंद, आणि त्यावरून तीच खाडी वरून दिसत होती. शेकाट्या, टिटव्या, लांब वाकड्या चोचीचे दोन कर्ल्यू, सगळं तिथूनच मिळालं. बांधावरूनच बघा. बांध शेतकऱ्यांचा आहे, त्याची माती ढासळेल असं उतरू नका.

बोटीचं तर विचारूच नका. पॅकेजमध्ये बोटीचे माणशी आठशे लावले होते. आम्ही बारा जण. बोटवाल्या काकांशी सहज बोलले तेव्हा कळलं की त्यांना अख्ख्या फेरीचे बाराशे मिळाले होते. काकांचा दर रास्त होता. बंदरावर जाऊन स्वतः बोला, दर बोटीचा ठरवा, माणशी नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि मेच्या अखेरीस वारा वाढतो, त्यामुळे बोट हवी असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यातच.

दुसऱ्या दिवशी मी गट सोडला आणि साडेनऊपासून एकटी किनाऱ्यावर बसले. भरती लागली होती. पाण्याची कड सरकत आली आणि तिच्यापुढे सँड प्लोव्हर, शेकड्यांनी, छाती विटकरी तांबडी. कर्ल्यू सँडपायपर तर मानेपासून पोटापर्यंत तांबूस. हिवाळ्यात हेच पक्षी इतके करडे असतात की ओळखताना डोकं धरावं लागतं. आता ते विणीच्या पिसाऱ्यात, सँड प्लोव्हर हिमालय-तिबेट आणि मध्य आशियाकडे, कर्ल्यू सँडपायपर सायबेरियाच्या टुंड्राकडे निघायच्या बेतात. टर्नस्टोन माझ्यापासून पंधरा पावलांवर शिंपले उलटत होते. दगडावर सुरय (टर्न) रांगेत. अकराच्या उन्हात डोकं भणभणत होतं, तरी उठवेना. जानेवारीत आक्षीला गेला असाल तरी एकदा एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात जाच. थव्यात काही करडे राहिलेले दिसतील. ती बहुधा पहिल्या वर्षाची पिल्लं, यंदा उत्तरेला न जाणारी.

रोहितांसाठी (फ्लेमिंगो) मात्र आक्षीला येऊ नका. ते हवे असतील तर ऐरोलीला जा, ठाणे खाडीच्या अभयारण्यात. तिथलीही बोट भरतीच्या वेळेवरच सुटते.

जवळचे रेवदंडा-कोर्लईचे किल्ले बघणं छान झालं. आक्षी गावात रस्त्याकडेचा शिलालेख बघा, शके ९३४ चा, मराठीतला सर्वात जुना मानला जाणारा. पाच मिनिटं लागतात.

पॅकेज घेऊ नका. स्वारगेटहून अलिबागची एसटी, पुढे रिक्षा, मुक्काम गावातल्या एखाद्या घरगुती खोलीत, म्हणजे सकाळी चालत किनाऱ्यावर. तीन लिटर पाणी, टोपी, लांब बाह्या; किनाऱ्यावर सावली फक्त सुरूंची. स्वतःची गाडी असेल तर रविवारी दुपारी वडखळमार्गे परतू नका, आम्ही पोयनाडच्या अलीकडून रांगेत होतो. रेवदंड्याहून रोहा, कोलाड, विळे करत ताम्हिणीनं वर या. अंतर कमी नाही, पण गाडी चालती राहते.