माक्याचं तेल घरी करताना: सगळं पाकावर आहे

केस गळायला लागले की आधी शोध सुरू होतो तो तेलात काय काय घालायचं याचा. जास्वंद, ब्राह्मी, मेथी, कडुनिंब, कांदा. पण घरचं तेल बिघडतं ते क्वचितच एखादी वनस्पती राहून गेली म्हणून. बहुतेक वेळा त्यात पाणी राहिलेलं असतं, नाहीतर ते करपलेलं असतं. दहा गोष्टी एकदम घालण्यापेक्षा एकट्या माक्याचा पाक, म्हणजे त्याचा रस तेलात मंद आचेवर पूर्ण आटवणं, नीट साधणं कितीतरी चांगलं.

माका (भृंगराज) पावसाळ्यात आणि त्यानंतर भाताच्या बांधावर, पाटाच्या कडेला, जिथे ओल असते तिथे उगवतो. फूल बारीक, पांढरं, बटणासारखं. पान चुरगाळून बोटावर घासलं की हिरवा डाग थोड्या वेळात काळा पडतो, ही त्याची सोपी खूण. एकदांडी त्याच्यासारखी वाटते, पण तिचं फूल लांब दांड्यावर एकटं उभं असतं आणि मधोमध पिवळं असतं. बागेत जमिनीवर पसरणारं पिवळ्या फुलांचं झाडही माका म्हणून खुडलं जातं. ते घेऊ नका. सांडपाण्याच्या गटाराकाठचा माका कितीही टवटवीत दिसला तरी सोडून द्या.

आता प्रमाण. शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातल्या नियमाप्रमाणे तेलाच्या चौपट द्रव घ्यायचा, आणि द्रव ताजा रस असेल तर कल्क (वनस्पतींची ओली वाटलेली चटणी) तेलाचा आठवा हिस्सा. म्हणजे पाव लिटर तेलाला एक लिटर माक्याचा रस आणि साधारण ३० ग्रॅम कल्क. कल्कासाठी २० ग्रॅम आवळकाठीची पूड आणि १० ग्रॅम नागरमोथा पाण्यात भिजवून चटणीसारखा वाटून घ्या. ताजा माका मिळत नसेल तर काष्ठौषधीच्या दुकानातून वाळलेला आणा. अर्धा किलो भरड चार लिटर पाण्यात उकळून एक लिटर उरवा. हा काढा वापरताना कल्क सहावा हिस्सा, म्हणजे ४० ग्रॅम लागतो. मूठभर पानं तेलात तळून काढली की हिरवं तेल मिळतं, पण तो तेलाचा पाक नव्हे.

तेल तिळाचं किंवा खोबरेल, दोन्ही चालतं. ज्यांना तिळाचं तेल उष्ण पडतं त्यांनी खोबरेल घ्यावं. थंडीत ते थिजतं एवढंच.

भांडं निदान तीन लिटरचं हवं, कारण फेस वर येतो. तेल मंद आचेवर तापवा, पूर्ण निवू द्या, मग कल्क आणि रस घाला. गरम तेलात रस ओतला तर तेल उसळून हात भाजतो. मंद आच ठेवून तळापासून ढवळत राहा, कारण कल्क बुडाला बसतो आणि तिथेच करपतो. तेल एका दिवसात उरकू नये असं ग्रंथातच सांगितलंय. दोन-तीन दिवस रोज तासभर उकळा, मग झाकून ठेवा. सलग मोठ्या आचेवर आटवलं तर रसाचा अंश तेलात उतरायला वेळच मिळत नाही.

शेवटची वीस मिनिटं भांड्यापासून हलू नका. रस आटत आला की आवाज बदलतो, बुडबुडे बारीक होतात आणि तेलावर फेस येतो. (तुपात उलट असतं, तिथे फेस शमतो.) चमच्याने थोडा कल्क काढून निवला की बोटांत वळा. चिकट, लिबलिबीत असेल तर पाणी बाकी आहे. त्याची वात वळली गेली आणि ती ज्योतीवर धरल्यावर तडतडली नाही, तर पाक झाला. कल्क कडक होऊन चुरा व्हायला लागला की तेल पुढे गेलं. काळाकुट्ट, जळका वास येणारा कल्क म्हणजे ते तेल डोक्याला लावायचं नाही. कोमट असतानाच कापडातून गाळा, पुरचुंडी पिळा आणि उन्हात वाळवलेल्या काचेच्या बाटलीत भरा. बाटलीत ओला चमचा गेला तर सगळी मेहनत वाया.

लावताना दोन चहाचे चमचे तेल पुरतं. वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करा, बोटांच्या पेरांनी पाच-सात मिनिटं डोक्याच्या त्वचेवर फिरवा, तासाभराने डोकं धुवा. आठवड्यातून दोनदा बास. मालिश करताना हातात येणारे केस बहुतेक आधीच सुटलेले असतात, त्यांना घाबरून तेल थांबवू नये. जोर लावून चोळलं किंवा ओले केस विंचरले तर मात्र चांगले केसही तुटतात.

तेलाने त्वचेचा कोरडेपणा कमी होतो, केस तुटणं कमी होतं. ताप, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी झडणारे केस मात्र शरीर सावरेल तसे आपोआप थांबतात. रक्त कमी असेल किंवा थायरॉइड बिघडलं असेल तर तपासणी आणि उपचार हवेतच, डोक्यावर तेल थापून ते भरून निघत नाही. गोल चट्टा पडला असेल, म्हणजे चाई, तर सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. आणि तेलकट, पिवळसर खपल्यांचा कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवू नका. कोंड्यातली बुरशी तेलावरच वाढते, आधी कोंडा बरा करून घ्या.